कंबरेच्या मणक्यांची झीज व चुंबकीय चित्राचा अहवाल

भातशेती करणाऱ्या मनुष्याच्या शरीरांत सर्वांत अधिक राबणारा भाग कोणता असें विचारल्यास हातापायांच्या आधीं कंबरेचें नांव घ्यावें लागेल. राबांतील रोप उपटणें, आवणी, बेणणी, कापणी, भारे बांधून खळ्यावर आणणें हीं सर्व कामें कंबरेंतून वांकूनच होतात. मनोरी, गोराई, उत्तन ह्या खाडीपलीकडील गांवांत भाताचा हंगाम संपला तरी वाडीचें शिंपण, भाजीच्या टोपल्या आणि होडीवरचें काम हीं पुढें उभींच असतात. अशा स्थितींत चाळिशीनंतर कंबर धरणें, उठतांना चमक निघणें किंवा कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाणें हें बहुतेक घरांत ठाऊक असतें, व त्यांत नवल असें कांहीं नाहीं.

नवीन गोष्ट आहे ती निराळीच. पूर्वीं अशा दुखण्यावर शेक व विश्रांति यांपलीकडे फारसा विचार होत नसे. आतां रुग्ण खाडी ओलांडून मालाड किंवा बोरिवलीकडे जातो, एम्. आर्. आय्. ह्या नांवानें ओळखलें जाणारें चुंबकीय चित्र काढवितो, आणि एक-दोन पृष्ठांचा अहवाल घेऊन परत येतो. त्यांत झीज, फुगवटा, तंतूवर दाब अशा अर्थाचे शब्द असतात. कोणी त्याचें तात्पर्य 'मणक्यांत गॅप आली' असें सांगतो, कोणी 'गादी सरकली' म्हणतो. आणि ज्याच्या हातापायांत अद्याप पुरें बळ आहे असा मनुष्य आपण शेतीला निकामी झालों अशी समजूत करून घेऊन जमीन पडीक टाकण्याच्या किंवा खंडानें देण्याच्या गोष्टी बोलूं लागतो. उलट, ज्यानें आपल्या लक्षणांवरून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावयास हवें, तो 'वय झालें, मणका झिजला' असें म्हणून घरीं पडून राहातो. पहिल्या चुकीनें शेत जातें, दुसरीनें पाय जाण्याचा संभव असतो. ह्या दोन्ही टाळावयाच्या तर चित्रांत काय दिसतें, आणि जें दिसतें त्यांतलें कोणतें दुखण्याचें कारण असूं शकतें, हें शेतकऱ्यानें स्वतः समजून घेतलें पाहिजे. ह्या पाठांत तेवढाच विषय आम्ही घेतला आहे.

कंबरेच्या कण्याची रचना

कंबरेच्या भागांत पांच मणके असतात. अहवालांत त्यांना 'एल्' हें अक्षर व वरून खालीं एक ते पांच असे अंक दिलेले असतात. त्यांच्या खालीं त्रिकास्थि नांवाचें हाड असून त्याला 'एस्' हें अक्षर लावतात. दोन मणक्यांच्या मध्यें एक चकती असते; तिलाच आपण गादी म्हणतों. चकतीचा मधला गर मऊ व पाणीदार असतो, आणि त्याच्याभोंवतीं चिवट तंतूंचीं कडीं एकावर एक बसविलेलीं असतात. हीं कडीं म्हणजे शेताचा बांध व गर म्हणजे त्या बांधानें अडविलेलें पाणी, अशी कल्पना केल्यास पुढील सर्व गोष्टी समजण्यास सोप्या जातील. तरुणपणीं ह्या गरांत शेंकडा ८० हून अधिक पाणी असतें; वय वाढतें तसतसें तें कमी होत जातें. प्रौढ मनुष्याच्या चकतीच्या अंतर्भागांत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण वरच्या व खालच्या मणक्यांच्या पृष्ठांतून झिरपून होतें. त्यामुळें एकदां वाळूं लागलेली चकती पूर्ववत् भरून येत नाहीं. झिजेचा आरंभ येथून होतो.

मणक्यांच्या मागील बाजूस एक हाडांची नळी असते व तींतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु खालीं येतो. मोठ्या माणसांत हा रज्जु कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो. तेथून खालीं सुटे मज्जातंतु घोड्याच्या शेपटीप्रमाणें उतरतात, म्हणून त्या झुबक्यास अश्वपुच्छ असें म्हणतात. पायांची हालचाल, पायांच्या त्वचेचें स्पर्शज्ञान, तसेंच लघवी व शौच यांवरील ताबा हीं ह्याच तंतूंच्या स्वाधीन असतात. प्रत्येक दोन मणक्यांच्या मधून उजवीकडे व डावीकडे एकेक तंतु बाहेर पडतो. नळीच्या मागच्या बाजूस लहान सांध्यांची जोडी असते आणि आंतून पिंवळट रंगाचा एक अस्थिबंध असतो. चकती पुढून, सांधे व अस्थिबंध मागून, आणि मध्यें तंतु, अशी ही अडचणीची जागा आहे. कोणत्याहि बाजूनें जाडी वाढली कीं तंतूंना जागा कमी पडते.

यंत्र काय पाहातें

क्ष-किरणांच्या चित्रांत हाड दिसतें, चकती दिसत नाहीं. दोन मणक्यांमधील जागा अरुंद झाली एवढेंच तिच्याविषयीं कळतें. लोक 'गॅप आली' म्हणतात तेव्हां वस्तुतः जागा वाढलेली नसून कमी झालेली असते, हें ध्यानांत ठेवावें.

चुंबकीय चित्रांत क्ष-किरण मुळींच वापरले जात नाहींत. शरीरांतील पाण्यांत व चरबींत हायड्रोजनचे असंख्य अणु असतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत त्या अणूंचीं केंद्रें त्या क्षेत्राच्या धोरणानें लागतात. मग रेडिओच्या लहरींनीं त्यांना विचलित केलें जातें, आणि पूर्वस्थितीवर येतांना तीं जे सूक्ष्म संकेत देतात त्यांपासून गणकयंत्र चित्र तयार करतें. अणुकेंद्रांचा हा गुण १९४६ सालीं ब्लॉख व पर्सेल ह्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिला; त्यापासून शरीराचें चित्र काढण्याची युक्ति शोधल्याबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रुग्णालयांत सामान्यतः आढळणारें यंत्र १.५ टेस्ला शक्तीचें असतें, म्हणजे त्याचें चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट असतें. आपल्या उपनगरांतच, पवई येथें असलेल्या 'समीर' ह्या सरकारी संशोधन संस्थेनें ह्याच शक्तीचें यंत्र देशांत बनविण्याचें काम हातीं घेतलें, व त्याच्या चाचणीसाठीं २०२५ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशीं करार झाला.

ह्या चुंबकाविषयीं एक सूचना येथेंच देतों. यंत्र बंद दिसलें तरी चुंबक चालूच असतो. २०१८ च्या जानेवारींत मुंबईंतील एका रुग्णालयांत प्राणवायूचें लोखंडी नळकांडें घेऊन खोलींत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन प्राणास मुकला. यास्तव विळा, चाकू, किल्ल्या, कमरेची सांखळी, घड्याळ हें सर्व बाहेर ठेवावें. हृदयांत स्पंदनयंत्र बसविलेलें असल्यास, किंवा लोखंडाची कपची कधीं काळीं डोळ्यांत गेली असल्यास, तें तपासणीपूर्वींच सांगावें.

चित्रें मुख्यतः दोन प्रकारचीं काढतात. एका प्रकारांत चरबी उजळ व पाणी काळसर दिसतें. दुसऱ्यांत पाणी पांढरें शुभ्र दिसतें. ह्या दुसऱ्या प्रकारांत निरोगी चकतीचा गर पांढरा, व पाणी आटलेली चकती काळी दिसते. 'काळी चकती' असा शब्द कोणी उच्चारला म्हणजे पुष्कळ रुग्ण ती सडली असें समजतात. तो केवळ पाणी कमी झाल्याचा रंग आहे.

अहवालांतील शब्द

अहवाल इंग्रजींत असतो. त्यांतील नेहमीं येणारे शब्द व त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणें आहेत.

(१) डेसिकेशन किंवा डीजनरेशन: चकतीचें पाणी आटणें व तिची उंची कमी होणें. तिच्या पांच पायऱ्या मानतात. पहिली पायरी तरुण चकतीची, व पांचवी पूर्ण चेपलेल्या चकतीची.

(२) बल्ज: चकतीचा कांठ बहुतेक घेराभर थोडा बाहेर येणें. हवा कमी झालेल्या सायकलच्या चाकाप्रमाणें ही स्थिति असते. बांध फुटलेला नसतो, रुंदावलेला असतो.

(३) प्रोट्रूजन: चकतीचा एका ठिकाणींच टेंगळासारखा पुढें आलेला भाग, ज्याचें मूळ रुंद असतें. एक्स्ट्रूजन: बांध फुटून गर बाहेर येणें, येथें मान अरुंद व बाहेरचा भाग मोठा असतो. सिक्वेस्ट्रेशन: बाहेर आलेला तुकडा मूळ चकतीपासून अजिबात सुटणें.

(४) ॲन्युलर टेअर किंवा फिशर: बांधाच्या तंतूंत पडलेली चीर. ही बहुधा झिजेनेंच पडलेली असते. कालच्या ओझ्यानें ती पडली असें ह्या शब्दावरून ठरत नाहीं.

(५) मोडिक बदल: चकतीला लागून असलेल्या हाडांतील बदल. मोडिक यांनीं १९८८ सालीं त्याची वर्गवारी पूर्ण केली. पहिल्या प्रकारांत हाडांत सूज असते, दुसऱ्यांत मगजाच्या जागीं चरबी आलेली असते, तिसऱ्यांत हाड कठीण झालेलें असतें. पैकीं पहिल्या प्रकाराचा कंबरदुखीशीं संबंध इतरांपेक्षां अधिक आढळतो.

(६) ऑस्टिओफाइट: मणक्याच्या कडेला वाढलेलें हाडाचें टोंक. फॅसेट आर्थ्रोपथी: मागच्या लहान सांध्यांची झीज. स्टेनोसिस: ह्या सर्वांमुळें नळी किंवा तंतूची वाट अरुंद होणें.

(७) लिस्थेसिस: एक मणका खालच्या मणक्यावरून पुढें सरकणें. पहिल्या प्रतीचें सरकणें म्हणजे मणक्याच्या रुंदीच्या चौथाईपर्यंत. तें पुष्कळ वेळां वर्षानुवर्षें तसेंच राहातें.

ज्यांचें दुखत नाहीं त्यांचीं चित्रें

ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आतां सांगावयाची आहे. कंबरदुखी मुळींच नसलेल्या माणसांचीं चित्रें काढलीं तर तीं स्वच्छ येतात काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं विचारला व तपासला. अमेरिकेंत १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचीं चित्रें काढलीं गेलीं. त्यांपैकीं शेंकडा ५२ जणांत निदान एका ठिकाणीं बल्ज, व शेंकडा २७ जणांत प्रोट्रूजन आढळलें. सर्व चकत्या निर्दोष अशीं माणसें शेंकडा ३६ च निघालीं. एक्स्ट्रूजन मात्र शेंकडा १ इतकेंच होतें.

पुढें २०१५ सालीं अशा ३३ अभ्यासांतील ३,११० निरोगी माणसांची माहिती एकत्र करण्यांत आली. तींत चकतीची झीज विशींतल्या माणसांत शेंकडा ३७, पन्नाशींत ८०, व ऐंशींत ९६ जणांत आढळली. बल्ज विशींत शेंकडा ३०, पन्नाशींत ६०, ऐंशींत ८४ जणांत दिसला. म्हणजे डोक्यावरचे केस पांढरे होण्यासारखीच ही एक वयाची खूण आहे. पन्नास वर्षांच्या शेतकऱ्याच्या अहवालांत 'झीज' हा शब्द आला नाहीं तरच विशेष.

ह्याचा अर्थ चित्र खोटें असतें असा नव्हे. एक्स्ट्रूजन किंवा तंतूवरील स्पष्ट दाब हीं न दुखणाऱ्या माणसांत क्वचित् आढळतात, म्हणून त्यांना महत्त्व अधिक. बल्ज व काळी चकती हीं घरोघर आढळतात, म्हणून त्यांना महत्त्व कमी. अहवालांत मात्र हे सर्व शब्द एकाच ओळींत व एकाच ठशानें छापलेले असतात.

अहवाल लिहिणाऱ्यांतहि एकवाक्यता असतेच असें नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका पाहणींत ६३ वर्षांच्या एका स्त्रीचें कंबरेचें चित्र तीन आठवड्यांच्या आंत दहा निरनिराळ्या केंद्रांत काढलें गेलें. दहा अहवालांत मिळून ४९ निरनिराळे दोष नमूद झाले, आणि दहाहि अहवालांत आढळतो असा दोष एकहि नव्हता. कण्याची स्थिति तीन आठवड्यांत दहा वेळां बदलली नव्हती, हें सांगणें नलगे.

चित्राचा शरीराशीं मेळ

मातीच्या परीक्षणाचा कागद आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला आहे. त्या कागदावर एखादें द्रव्य कमी लिहिलेलें असलें तरी जाणता शेतकरी आधीं शेतांत जाऊन पीक पाहातो. पान कोठें पिंवळें पडलें, जुनें पडलें कीं कोंवळें, हें पाहून मग कागदाशीं ताडा घेतो. कंबरेच्या चित्राचेंहि तसेंच आहे. येथें पीक म्हणजे रुग्णाचें शरीर. डॉक्टरनें पाय तपासल्यावांचून केवळ अहवाल वाचून दिलेलें मत अपुरें समजावें.

मेळ कसा घालतात तें पाहूं. चवथ्या व पांचव्या मणक्यांमधील चकती बाहेर आली तर ती बहुधा पांचव्या तंतूवर दाबते. त्या वेळीं कळ मांडीच्या व पोटरीच्या बाहेरच्या अंगानें पावलाच्या वरच्या भागावर व अंगठ्यापर्यंत जाते, आणि अंगठा वर उचलण्याचें बळ कमी होतें. पांचवा मणका व त्रिकास्थि यांमधील चकती बाहेर आल्यास कळ पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाते, व चवड्यावर उभें राहाणें जड जातें. त्याहून वरची, तिसऱ्या व चवथ्या मणक्यांमधील चकती असेल तर गुडघा ताठ करण्याचें बळ घटतें. रुग्णास उताणें निजवून गुडघा न वांकवितां पाय वर उचलला असतां गुडघ्याखालीं कळ गेली तर तंतु ताणला जात आहे असें समजतात. आयुर्वेदांत ज्यास गृध्रसी म्हटलें आहे तें बहुतांशीं हेंच दुखणें होय. चकती फुटून तंतूवर दाबल्यानें हें दुखणें होतें, ही गोष्ट मिक्स्टर व बार ह्या अमेरिकन शल्यवैद्यांनीं १९३४ सालीं प्रथम स्पष्टपणें मांडली.

आतां कळ उजव्या पायांत व चित्रांतील टेंगूळ डाव्या बाजूस असेल, तर तें टेंगूळ त्या कळेचें कारण नव्हे. कळ पायांत मुळींच जात नसून केवळ कंबरेंतच दुखत असेल, तर 'तंतूवर किंचित् दाब' ह्या शब्दांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. अशी कंबरदुखी बहुधा स्नायु, अस्थिबंध, सांधे किंवा चकती यांपैकीं नेमकी कोठून येते हें कोणतेंहि यंत्र निश्चित सांगूं शकत नाहीं, व बहुसंख्य रुग्णांत ती कांहीं आठवड्यांत उतरते. म्हणूनच धोक्याचें लक्षण नसल्यास पहिल्या सहा आठवड्यांत चित्र काढूं नये, असें देशोदेशींच्या वैद्यांचें मत आहे.

वृद्धांत नळी अरुंद झाल्याचें लक्षण निराळें असतें. थोडें चाललें कीं दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात, आणि बसलें किंवा पुढें वांकलें कीं बरें वाटतें. असा मनुष्य बांधावरून शंभर पावलें चालूं शकत नाहीं, पण सायकलवर बरेंच अंतर जातो, कारण वांकल्यानें नळी थोडी मोकळी होते.

बाहेर आलेली चकती व शस्त्रक्रिया

बाहेर आलेला गर पुन्हां कधींच कमी होत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. शरीर त्यास परकें समजून हळूहळू शोषून घेतें. २०१५ सालच्या एका संकलनांत सुटलेला तुकडा शेंकडा ९६, एक्स्ट्रूजन ७०, प्रोट्रूजन ४१, व बल्ज केवळ १३ रुग्णांत आपोआप लहान झालेला आढळला. म्हणजे चित्रांत जें अधिक भयंकर दिसतें तेंच विरण्याचा संभव अधिक.

पायांत तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांवर नेदर्लंड्समध्यें झालेला प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांस आधीं औषध, हालचाल व धीर यांवर ठेवून गरज पडल्यासच शस्त्रक्रिया केली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारें शेंकडा ९५ रुग्ण बरे झालेले होते. दुसऱ्या गटांतील शेंकडा ३९ जणांस मात्र त्या वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तेव्हां कळ असह्य असून सहा ते बारा आठवड्यांत उतरत नसेल, आणि चित्र व शरीर यांचा मेळ बसत असेल, तर शस्त्रक्रिया हा उत्तम उपाय आहे. तिला भिऊन पांगळें होऊं नये. हें शास्त्र आपल्या देशांत चांगलें रुजलें आहे. मूळचे गोव्याचे व मुंबईंत कार्य केलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांचें नांव कण्याच्या शस्त्रक्रियेंत सर्वश्रुत आहे. परंतु केवळ काळी चकती दिसते म्हणून करावयाची ही शस्त्रक्रिया नव्हे.

केव्हां एक दिवसहि थांबूं नये

पुढील लक्षणें ज्यास आहेत त्यानें वरील सर्व धीराच्या गोष्टी बाजूस ठेवून तत्काळ मोठें रुग्णालय गांठावें.

लघवी अडणें, किंवा नकळत होणें. शौचावरील ताबा जाणें. मांड्यांच्या मधला, खोगिरावर बसतांना टेंकतो तेवढा भाग बधिर होणें. दोन्ही पायांचें बळ जाणें. हीं लक्षणें अश्वपुच्छावर दाब पडल्याचीं होत. येथें चित्र त्याच दिवशीं काढावयाचें असतें व शस्त्रक्रिया तासांच्या हिशेबानें, शक्य तों पहिल्या अठ्ठेचाळीस तासांच्या आंत, करावयाची असते. उशीर झाल्यास लघवीचा ताबा कायमचा जातो. एका पायाचें पाऊल लोळूं लागणें, म्हणजे चालतांना चवडा घासणें, हेंहि लवकर दाखविण्याचें लक्षण आहे. मनोरीकरांनीं येथें आपल्या गांवाची अडचण लक्षांत घ्यावी. मार्व्याची होडी रात्रभर चालत नाहीं, आणि उत्तनवरून भाईंदरचा रस्ता लांबचा आहे. यास्तव असें लक्षण संध्याकाळीं दिसल्यास 'सकाळीं पाहूं' असें न म्हणतां होडी चालूं आहे तोंच निघावें, व होडी बंद झाली असल्यास वाहन करून रस्त्यानें जावें.

ताप, रात्रीं घाम, वजन घटणें, व निजलें असतांहि न थांबणारी कंबरदुखी हीं लक्षणें झिजेचीं नव्हेत. आपल्या देशांत मणक्याचा क्षय अद्याप पुष्कळ आढळतो. चुंबकीय चित्राचा खरा उपकार येथें दिसतो. लगतचे दोन मणके, त्यांच्यामधील चकतीची नासाडी व बाजूस सांचलेला पू हें सर्व तें क्ष-किरणांच्या कितीतरी आधीं दाखवितें. क्षयाचीं औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, व वेळेवर सुरू केल्यास कणा वांचतो. जनावरें पाळणाऱ्यांनीं आणखी एक रोग ध्यानांत ठेवावा. गाय, म्हैस किंवा शेळी गाभ टाकते त्या रोगाचे जंतु, म्हणजे ब्रुसेला, निरशा दुधांतून किंवा वार हातानें काढतांना मनुष्याच्या शरीरांत शिरतात, आणि कंबरेच्या मणक्यांत घर करतात. गोठ्यांत गाभ टाकल्याचा प्रकार झाला असेल तर डॉक्टरला तो अवश्य सांगावा. म्हाताऱ्या स्त्रीस किरकोळ पडण्यानें एकाएकीं पाठ दुखूं लागली तर ठिसूळ हाड मोडल्याचा, आणि पूर्वीं कर्करोग झालेल्यास नवीन पाठदुखी लागली तर तो पसरल्याचा संशय घ्यावा.

शेतकाम व कंबर

'शेतीनें मणका झिजला' हें वाक्य सर्रास ऐकूं येतें. फिनलंडमध्यें एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्यांचीं चित्रें तपासून १९९५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कंबरेच्या खालच्या भागांतील झिजेच्या फरकापैकीं अंगमेहनतीनें केवळ शेंकडा २ एवढ्याचा उलगडा झाला. वय व घराण्याचा वांटा त्याहून कितीतरी मोठा निघाला. चित्रांतली झीज ही मुख्यतः वयाची व वंशाची असते, कष्टांची शिक्षा नव्हे. म्हणून काम सोडल्यानें ती भरून येणार नाहीं. उलट स्नायु दुबळे होऊन दुखणें वाढेल.

परंतु झीज व दुखणें हीं दोन निराळीं आहेत. वजन चुकीचें उचलल्यानें दुखणें खचित वाढतें. जर्मनींत १९९९ सालीं एका स्वयंसेवकाच्या चकतींत दाबमापक बसवून मोजणी झाली. नुसतें उभें असतां जो दाब होता त्याच्या साडेचार पटींहून अधिक दाब २० किलो वजन पाठ वांकवून उचलतांना, सुमारें साडेतीन पट गुडघे वांकवून उचलतांना, आणि दुप्पट तें वजन छातीशीं धरून उभें राहातांना आढळला. ह्यावरून खालील गोष्टी कामांत आणाव्या.

खताचें पोतें दोघांनीं धरावें किंवा दोन फेऱ्या कराव्या; जें उचलावयाचें तें अंगाशीं घेऊन उचलावें, व उचलतां उचलतां कंबरेंत पीळ देऊं नये. रात्रभर चकती पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिल्या तासांत भारा उचलणें किंवा खोल वांकणें टाळून गुरांची वैरण, पाहाणी अशीं हलकीं कामें आधीं करावीं. आवणींत दर अर्ध्या तासानें बांधावर येऊन सरळ उभें राहावें, हात कंबरेवर ठेवून चार-पांच वेळां मागें लवावें. हें काम बहुतांशीं स्त्रियाच करतात, त्यांना ही उसंत हक्कानें मिळाली पाहिजे. हा आळस नव्हे. कंबर धरली असतां एक-दोन दिवसांहून अधिक अंथरुणास खिळूं नये. सोसवेल तेवढें चालत राहावें. तंबाखूच्या धुरानें चकतीचें आधींच तुटपुंजें पोषण आणखी घटतें, हेंहि विडी ओढणाऱ्यांनीं जाणावें.

अहवाल हातीं आल्यावर

अहवाल हातीं पडल्यावर तो शेजाऱ्यास वाचावयास देण्यापूर्वीं डॉक्टरला पुढील चार प्रश्न विचारावे. माझी कळ ज्या बाजूची व ज्या वाटेनें जाते, तिच्याशीं जुळणारा दोष चित्रांत आहे काय? माझ्या वयाच्या निरोगी माणसांत हाच दोष किती आढळतो? पायाचें बळ व स्पर्शज्ञान शाबूत आहे काय? आणि थांबल्यानें माझें काय बिघडेल? चवथ्या प्रश्नाचें उत्तर 'कांहीं नाहीं' असें असेल तर सहा आठवडे थांबावें. शस्त्रक्रिया सुचविली गेली व वरील धोक्याचीं लक्षणें नसलीं, तर मूळ चित्रें घेऊन दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा. त्यासाठीं अहवालाच्या कागदाबरोबर चित्रांची तबकडीहि जपून ठेवावी.

जमीन खंडानें द्यावी कीं न द्यावी, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनुष्यबळाकडे व जमाखर्चाकडे पाहून सोडवावयाचा आहे. 'डीजनरेशन' ह्या एका शब्दावरून मात्र तो कोणीं सोडवूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.